उलट्या रेघेत अडकलेले रिपोर्ट

बाबा, आज तुमची फार आठवण आली, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होते. आता पवईच्या ऑफिसात बसून एका हॉस्पिटलसाठी प्रोग्रॅम लिहिते. तपासणीचे रिपोर्ट आपोआप ज्या त्या वॉर्डच्या फोल्डरमध्ये जावेत, कुणाला बाकावर ताटकळायला लागू नये, एवढंच त्याचं काम. ते मी मागून घेतलं होतं. का, ते तुम्हाला सांगायला नको.

काल तो तिथे सुरू झाला आणि आज दुपारी काउंटरवरून फोन. "मॅडम, सकाळपासून एकाही वॉर्डात रिपोर्ट नाही. एक बाई बसल्यात, उद्या ऑपरेशन आहे त्यांचं. काय सांगू?" मी स्क्रीनकडे बघतेय. एरर कुठेच नाही. चेंबूरच्या दवाखान्यातला तो बाक दिसायला लागतो. तुम्ही निळ्या शर्टात बसलाय, आईला विचारताय, "रिपोर्ट आला नाही म्हणजे काही नसेलच ना गं?" आईने मान डोलावली. तुमचा रिपोर्ट तेव्हा दुसऱ्याच गठ्ठ्यात पडून होता, कितीतरी दिवस.

शेजारचा मित्र खुर्ची ओढून आला. "अगं, तुझा लॅपटॉप विंडोज, त्यांचा सर्व्हर लिनक्स. फोल्डरांच्या नावांमध्ये तू उलटी तिरकी रेघ टाकलीयस. विंडोजमध्ये ती एक फोल्डर दुसऱ्यापासून वेगळा करते, लिनक्सला मात्र ती नावातलं नुसतं एक अक्षर वाटते."

"मग एरर का नाही आली?"

"कशाला येईल? सर्व्हरने तुझा फोल्डरचा आख्खा पत्ता फाइलचं नाव समजून ठेवून दिला. वाट लावलीस यार! पण थांब, हरवलं नसणार काही."

नव्हतंच हरवलं. सगळे रिपोर्ट बाहेरच्या फोल्डरात, दारातल्या चपलांसारखे, आणि प्रत्येकाच्या नावात त्याच्या वॉर्डचा पत्ता. मी हाताने लिहिलेल्या रेघा काढल्या. जिथे जशी चालते तशी रेघ प्रोग्रॅमनेच निवडावी, असं केलं. मग अडकलेले रिपोर्ट आपापल्या वॉर्डात पाठवले आणि फोनची वाट बघत बसले. शेवटी काउंटरवरून फोन आला. "मिळाला हो. बाई डॉक्टरांकडे गेल्या."

त्याआधी मित्र म्हणाला होता, "त्या बाईंची फाइल उघडून बघ ना, नीट आहे का." मी म्हटलं, परक्याचा रिपोर्ट आपण उघडायचा नसतो. ते खरंच आहे. पण बाबा, परवानगी असती तरी मला ती उघडवली नसती.