आतला पदर

प्रिय ध्रुव,

इथे हजीरा मोहल्ल्यातल्या घरी दुपारी पडून असते, तेव्हा उजव्या हाताची शेवटची दोन बोटं माझी वाटतच नाहीत. पाण्याखाली गेलेली, लांबची, दुसऱ्याच कुणाची तरी. त्या गुंगीत मला आपल्या इथल्या कॉलेजचं शवविच्छेदनाचं दालन दिसतं. उंच खिडक्यांतून येणारं दुधाळ ऊन, आणि टेबलाशी वाकलेला एकोणीस वर्षांचा तू. कोपराच्या आतल्या बाजूने मनगटाकडे उतरणारा तो स्नायू. त्यावरचं पांढरं आवरण तू चिमट्याने इतकं अलगद उचललंस, जणू खाली कुणी झोपलंय. "मॅडम, नस इसके नीचे से जाती है ना?" तू विचारलंस. मी म्हटलं, "हो, पण एवढ्यावर थांबू नकोस. आत अजून एक पदर असतो."

परवा महाराज बाड्यावरच्या बाजारात चाव्यांचा जुडगा हातातून पडला आणि मला कळलंही नाही. दुकानदाराने उचलून दिला. मग अपर्णाकडे गेले. ती तुझ्या मागच्या बॅचची, आता इथे हाताची ऑपरेशनं करते. म्हणाली, नस कोपरापाशी दाबली गेलीय, आवरण कापून मोकळी करावी लागेल, उशीर केला तर बोटं वाकडी होतील.

तुझंही तिच्याकडूनच कळलं. लेथवर काम करणाऱ्या एका माणसाच्या हातावर हेच ऑपरेशन करताना वरचं आवरण तू कापलंस, आतलं राहून गेलं. दुसऱ्या डॉक्टरांनी हात पुन्हा उघडून नस सोडवली, त्याची पकड बरीचशी परत आली; तू मात्र आठ महिने एकही ऑपरेशन केलेलं नाहीस. पुण्यात नुसती ओपीडी बघतोस.

मी तीस वर्षं मेलेल्या हातांवर शिकवलं रे. तिथे चूक झाली तर कुणाचं काही बिघडत नाही. जिवंत हाताची भीती मला आत्ता कळतेय, कारण हात माझा आहे.

ऑपरेशन बावीस तारखेला सकाळी ठरलंय. मला ते तुझ्याकडून करून घ्यायचंय, म्हणून हे पत्र. अपर्णाला सांगितलं, तर ती म्हणाली, "आ जाएँ तो अच्छा है, मी शेजारी उभी राहीन." जो एकदा तिथे चुकला, तो पुन्हा तिथे अर्ध्यावर थांबणार नाही, असं मला वाटतं. फक्त हात बधिर करणार आहेत. मी जागी असेन, तुझ्याशी बोलत. अक्षर वाकडं आलंय, समजून घे. आणि नाही म्हणायचं असलं तरी ये, समोर बसून सांग.

वाट पाहणारी, तुझी मॅडम
इंदुताई