सगळ्यात खालचा आकडा

२ मार्च, रविवार
आजपासून रोजनिशी. कारण तसंच आहे.
वीस एप्रिलला भैरोबाची यात्रा. यंदा पालखीचा पुढचा उजवा दांडा आमच्या घराचा. एक साल आमचं, एक साल चुलतभाऊ हैबतरावाचं, हे आजोबांच्या वेळेपासून चालत आलंय. आमच्या घरात खांदा द्यायला मी एकटाच. वय चौसष्ट. मुलगी शुभांगी बावधनला, तिच्या संसारात. ज्याची पाळी त्याच्या घरातून माणूस उभा राहिला नाही, तर मान दुसऱ्या घराकडे जातो. गेला की गेला.
परवा चहाच्या टपरीवर हैबतराव सगळ्यांसमोर म्हणाला, दादा, जमंल न्हवं? न्हाई तर सांग, आमी हाय.
जमंल न्हवं, म्हणे.

आज सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये हाडांचं मोफत शिबिर. क्लबहाऊस आमच्या भाताच्या खाचरावर उभं आहे. जमीन विकली असली तरी खाचर आमचं. गेटवर वॉचमनने नाव विचारलं. मी उलट त्याचंच विचारलं. सोडलं.
मशीनमध्ये टाच ठेवायची. दोन मिनिटांत कागद. मी उणे २.८. हैबतराव उणे १.१. आमची ही (सुलक्षणा) उणे ०.९.
घरी येऊन शांतपणे विचार केला. आजवर डॉक्टरांनी मला एकच गोष्ट सांगितली, आकडा खाली आणा. साखर खाली, बीपी खाली, कोलेस्टेरॉल खाली, वजन खाली. एकही आला नाही. आज पहिल्यांदा एक आकडा न सांगता खाली आला, आणि असा आला की अख्ख्या शिबिरात माझ्या खाली कुणी नाही. नावापुढचा चौकोनही माझ्या एकट्याचाच लाल. बाकीच्यांचे हिरवे, पिवळे.
मशीनवरची मुलगी, वैष्णवी, माझा कागद बघून उठूनच उभी राहिली. मग म्हणाली, आजोबा, डॉक्टर मॅडमना भेटल्याशिवाय जाऊ नका. रांग मोठी होती. स्वतःचं कौतुक ऐकायला रांग कोण लावणार? निघून आलो.
एक तक्रार. उंची पाच फूट पाच इंच लिहिली. मी पाच सात आहे. फरशी खचली असणार. खाचरातलं बांधकाम.

४ मार्च
पिरंगुटला जाऊन रिपोर्ट लॅमिनेट केला. हॉलमध्ये भैरोबाच्या फोटोशेजारी खिळा ठोकून लावला. फोटो काढून 'ग्रामस्थ' ग्रुपवर टाकला. एकतीस अंगठे. हैबतरावाने बघितला, अंगठा दिला नाही. बघितल्याची वेळ दिसते.
शिबिरातून कॅल्शियमच्या गोळ्या आणि व्हिटॅमिन डीची पाकिटं मिळाली होती. फक्त मलाच. बक्षीस असावं. पण हिचा आकडा आठवला आणि वाईट वाटलं. शून्य पॉइंट नऊ. माझ्या निम्म्याएवढाही नाही. सगळ्या गोळ्या हिला दिल्या. ही म्हणाली, तुमच्या नावानं दिल्यात, तुमीच घ्या की. मी म्हटलं, मला काय गरज? भिंतीकडे बघ.
रोज एक, न चुकता, असं बजावलं. घरातल्या कमजोर माणसाकडे लक्ष दिलं पाहिजे.

७ मार्च, सकाळी ६
सराव सुरू. बांबूच्या पुढच्या टोकाला पाण्याचे दोन कॅन, मागचं टोक अंगणाच्या कठड्यावर. खांदा लावून उभं राहायचं. संकल्प: रोज वीस मिनिटं, दर आठवड्याला पाच वाढवायची.
आज चार मिनिटं. बांबू ओला होता.

८ मार्च
सराव नाही. बांबू वाळत घातलाय.

११ मार्च
हॉस्पिटलमधून फोन. शिबिराचा रिपोर्ट बघितला, लवकरात लवकर या, मोठी तपासणी करू. मी म्हटलं यात्रेनंतर. बाई म्हणाल्या, आजोबा, थांबू नका. उत्सुकता समजू शकतो. अशी हाडं रोज बघायला मिळत नसतील.

१५ मार्च
नऊ मिनिटं! मग पाठीत, कमरेच्या जरा वर, कट् झालं. बसून घ्यावं लागलं. खोकलं तरी कळ येते.
कारण शोधलं. गादी. शुभांगीने दिवाळीत दिलेली फोमची गादी. ही म्हणाली, पाठ डाक्तरला दाखवा. मी म्हटलं, गादी दाखवू का? आजपासून जमिनीवर.

१७ मार्च
जमिनीवरून उठायला हिचा हात लागला. परत गादीवर.

१९ मार्च
वरच्या खोलीत दिग्विजय म्हणून भाडेकरू आहे. लातूरचा, हिंजवडीला कॉम्प्युटरमध्ये. वायफायचं सांगायला आला आणि भिंतीसमोर उभा राहिला. म्हणाला, काका, हे मायनस आहे. मी म्हटलं, माहीत आहे, मी शाळेत गेलोय. म्हणाला, नाही काका, मायनस म्हणजे... मी त्याला पालखीचा इतिहास सांगितला. पाऊण तास ऐकून गेला. चांगला मुलगा आहे, पण यांना सगळ्यातलं सगळं कळतं.
मग त्याने फोनवर कसली तरी इंग्रजी लिंक पाठवली. उघडली नाही. अनोळखी लिंक उघडू नका, असं पोलीसच सांगतात.

२२ मार्च
यात्रेसाठी शिवलेला पांढरा पायजमा आला. लांब. टाचेखाली लोळतो. टेलर एकनाथला जाऊन सुनावलं. तो म्हणाला, साहेब, वहीतल्या तुमच्याच मापाने शिवलाय, दोन वर्षांपूर्वीच्या. म्हणजे माप चुकीचं घेतलं नव्हतं, शिवताना चुकला. कात्री हातात आली की लक्ष नसतं यांचं. तसाच घेऊन आलो. यात्रेत वर खोचीन.

२५ मार्च
मोठी बातमी. हैबतरावाने दूध बंद केलं. नाचणीही. त्याच्या सुनेने हिला सांगितलं, मामंजी म्हणत्यात आकडा खाली आणायचाय. मला गाठायला निघालाय! उणे एक पॉइंट एकवरून उणे दोन पॉइंट आठ! या वयात! तरी मनातून बरं वाटलं. प्रतिस्पर्धी असावा तर असा.
हॉस्पिटलचा दुसरा फोन. उचलला नाही.

३० मार्च, पाडवा
गच्चीच्या कठड्याला वरच्या कडीत गुढीची काठी अडकवतो. दरवर्षी हात पुरतो. यंदा बोटं कडीला लागेनात. गेल्या वर्षी गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं, त्यात कडी वर गेली असणार. स्टूल आणलं, तर पाठीने नाही म्हटलं. शेवटी ही चढली. साडी खोचून, एका हातात गुढी. मी खालून सूचना दिल्या.
स्टुलावरून उतरून ही माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, अवो, तुमी बारीक झालायसा का बुटके? मी म्हटलं, स्टुलावरून सगळे तसेच दिसतात. ही म्हणाली, म्या खाली उतरलीया.

६ एप्रिल, रविवार
यात्रा कमिटीची मीटिंग, देवळाच्या मंडपात. कुशाबा अध्यक्ष. ऐंशीच्या पुढचे, एक डोळा अधू, पण एका डोळ्यात दोन माणसांएवढं दिसतं. विचारलं, उजवा दांडा कोन घेनार? मी उभा राहिलो. लॅमिनेट केलेला रिपोर्ट नेला होता, तो पुढे केला. कुशाबा म्हणाले, कागुद र्‍हाऊ दे, दादा. पाठ दाव. लई वाकलायस.
सगळे हसले. हैबतराव हसला नाही. तो माझा कागद परत परत बघत होता.
मी म्हटलं, ही वाक नाही, नम्रता आहे. देवळात उभा आहे. मग कुशाबांनी मंडपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. चाललो. कळ आली ती चेहऱ्यावर येऊ दिली नाही. कुशाबा म्हणाले, बरं. घे. पर पडलास तर द्येव पडंल, येवढं ध्येनात ठेव.
नक्की झालं! घरी येऊन हिला सांगितलं. हिने तेल गरम करून आणलं.

१० एप्रिल
तिसरा फोन. या वेळी डॉक्टर स्वतः, क्षितिजा मॅडम. म्हणाल्या, ओझं उचलू नका, वाकू नका. मी म्हटलं, देवाचं ओझं नसतं. त्या म्हणाल्या, वजन असतं ना पण? तरुण डॉक्टर. देवाधर्माचं कळत नाही.

१४ एप्रिल
तेरा मिनिटं, दोन कॅन, एकही कळ नाही. गोळीचा परिणाम. पाठदुखीची, सकाळी दोन. फक्त सरावापुरती.
सहा दिवस.

१७ एप्रिल, दुपारी
हॉलमध्ये पंखा मोठा केला. रिपोर्ट हलला. खिळ्यावरून सुटून सोफ्यामागे पडला. उचलतो.

१७ एप्रिल, संध्याकाळी
झोपून लिहितोय. अक्षर माझं नाही, हिचं. मी सांगतोय, ही लिहितेय. वाचू नको, फक्त लिही, असं बजावलंय.
सोफा एका हाताने सरकवला, वाकलो, दुसऱ्या हाताने कागद ओढला. लॅमिनेट केलेला कागद. त्याचं वजन ते काय? पाठीत कट् झालं, या वेळी मोठ्याने. हिला स्वयंपाकघरात ऐकू गेलं. तिला वाटलं, स्टीलचा डबा पडला.
मी तिथेच, सोफ्याला धरून. ओरडता येईना. दिग्विजय खाली आला. त्याने आणि हिने उचलून गाडीत ठेवलं. दिग्विजयने खांदे धरले, हिने पाय. ही धापसुद्धा टाकत नव्हती.

१८ एप्रिल
बावधनचं हॉस्पिटल. क्षितिजा मॅडमनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. मणक्यांची उतरंड. मधला एक असा, जसं कुणीतरी पावावर बसावं. म्हणाल्या, हा आत्ताचा. त्याखालचा दाखवून म्हणाल्या, हा जुना, महिनाभराचा असेल. तेव्हा पाठ दुखली होती का? ही पटकन म्हणाली, व्हय, पंधरा मार्च, आमी गादीवर ढकललं.
मी विचारलं, पण माझा आकडा तर सगळ्यात खाली होता?
मॅडमनी नीट समजावलं. रागावल्या नाहीत, त्याचं जास्त वाईट वाटलं. शून्य म्हणजे तरुण माणसाचं हाड. तिथून खाली मोजत जायचं. जितकं खाली, तितकं हाड पोकळ. उणे अडीचच्या खाली गेलं की ठिसूळ, वाकलं तरी मोडतं. उंची त्यामुळेच कमी झाली. पाठही त्यामुळेच वाकली.
मी विचारलं, आणि हिचं? म्हणाल्या, काकूंची हाडं वयाच्या मानाने उत्तम आहेत.
उपचार: पट्टा, तीन महिने. काही उचलायचं नाही. वर्षातून एक इंजेक्शन. कॅल्शियम, व्हिटॅमिन डी. मॅडम म्हणाल्या, शिबिरातल्या गोळ्या घेत होता ना? म्हणून आणखी बिघडलं नाही.
मी छताकडे बघितलं. हीसुद्धा छताकडे बघत होती.

१९ एप्रिल
घरी. दांडा हैबतरावाकडे गेला. कुशाबा स्वतः सांगायला आले. पलंगाशी बसले, पट्टा बघितला. मी विचारलं, मान गेला का आमच्या घरातून? कुशाबा बराच वेळ तंबाखू मळत राहिले. म्हणाले, पालखी तुज्या दारावरनं जातीया. दारात उभा र्‍हाऊन दांड्याला हात लाव. तुजा हात लागला तर पाळी तुजी झाली. खांदा कुनाचा का आसंना. पर पलंगावरनं न्हाई हां दादा. दारात.
पलंगापासून दार अकरा पावलं. मोजली. डोळ्यांनी.

२० एप्रिल, यात्रा
ढोल देवळापाशी वाजायला लागले तेव्हा ही मला उठवायला लागली. कुशीवर, मग पाय खाली, मग बसतं, मग पट्टा, मग उभं. मॅडमनी शिकवलं होतं, हिने तसंच केलं. मी पायजमा वर खोचायला गेलो, वाकता येईना. हिने खोचला.
अकरा पावलं. हात हिच्या खांद्यावर. दोनदा थांबलो. तिसऱ्यांदा मी म्हटलं, नको, गेलं तर जाऊ दे. ही म्हणाली, टाका भार, मला काय हुत न्हाई. टाकला. सगळा टाकला. ही हलली नाही.
पालखी दारात थांबली. पुढच्या उजव्या दांड्याखाली हैबतराव, घामाने आणि गुलालाने भरलेला. मी हात लावला. कुशाबा मोठ्याने म्हणाले, झाली! दादाची पाळी झाली! ढोल परत सुरू झाले.
त्या गलक्यात हैबतरावाने तोंड माझ्या कानाशी आणलं. म्हणाला, दादा, म्या दूध पुन्यांदा चालू करू का?
मी म्हटलं, कर. आजच कर. नाचणीही.

२३ एप्रिल
रिपोर्ट भिंतीवरून काढायला दिग्विजयला बोलावलं. तो काही बोलला नाही. चांगला मुलगा आहे.
संकल्प: आजपासून गोळ्या नियमित. हिला म्हटलं, शिबिरातली पाकिटं आण. हिने डबा आणून उलटा केला. रिकामा. म्हणाली, तुमीच सांगितलं व्हतं, रोज एक, न चुकता. येक दिस चुकवलं न्हाई.
शुभांगी उद्या नवीन आणतेय.
पांढरा पायजमा एकनाथकडे पाठवला. दोन इंच आखूड कर, म्हणावं. आणि वहीत नवीन माप लिही.