धुरावरचा आळ

कोल्हापूर, ता. ९ जुलै २००१

सौ. संयोगितास सयाजीचा आशीर्वाद.

ताप उतरलाय, दोन भाकऱ्या जातात. दवाखाना चांगला हाय. आईच्या गुडघ्याला उतार हाय का?

नेहमीचं कार्ड पोस्टमन वाचतोय, म्हणून हे आंतरदेशीय पत्र चिकटवून धाडतोय.

चांदीच्या पैंजणाला डाग देऊन सांधे जोडताना धूर छातीत गेला, असं तू हुपरी गावभर सांगितलंस. मी गप्प बसलो. टीबी खरा हाय, पण तो एचआयव्हीमुळं झालाय. माल घेऊन परगावी जायचो, तिथं माझा तोल गेला. धुराचा काय दोष न्हाय.

तुझंबी रक्त तपासायला पाहिजे म्हणतात. सोमवारी ये. मला वर बघायचं धाडस होणार न्हाय, तूच आधी बोल.

तुझा म्हणायला लाज वाटते,
सयाजी