वळणावरच्या देवीचा कौल

आप्पा, तुमच्यावरचा राग इतका जुना झाला होता की त्याची आता मला सवय झाली होती. गेल्या महिन्यात आई गेली. तिच्या तेराव्याला धाकट्या भावानं एक गोष्ट सांगितली, आणि तेव्हापासून मी तुमच्यावर नव्यानं चिडले आहे. तुम्ही असतात तर समोर बसवून जाब विचारला असता. तुम्ही नाही, म्हणून लिहिते.

आपलं गाव हमरस्त्यानं मधोमध चिरलेलं. घरं एका अंगाला, शाळा आणि पाण्याची विहीर दुसऱ्या अंगाला. मोहोळ सोडून सोलापूरकडे निघालेला ट्रक आपल्या ओढ्याच्या उताराला लागला की ड्रायव्हर डिझेल वाचवायला इंजिन बंद करायचे आणि गाडी तशीच घरंगळत सोडायचे. वळणामुळे ती दिसायची नाही आणि ऐकूही यायची नाही. तुम्ही त्याच रस्त्यावर मैलकुली. लाल झेंडी, फावडं, घमेलं घेऊन खड्डे बुजवत दिवसभर उन्हात. दुष्काळात तो रस्ता रुंद करायचं काम निघालं, तेव्हा अख्खं गाव खडी फोडायला बसलं होतं, आईसुद्धा. आपणच रुंद केलेल्या रस्त्यावर गाड्या मग आणखी सुसाट सुटल्या. गावानं अर्ज दिले. जीपमधून एक साहेब आले, हमरस्त्यावर गतिरोधक घालता येत नाही म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

मग एका संध्याकाळी, शाळा सुटल्यावर, धाकटा त्या उतारावर ट्रकखाली आला. तेव्हा तो तिसरीत होता, मी सातवीत. जीव वाचला, पण डावा पाय गुडघ्याखाली मोडला, आणि हाडवैद्यानं बांधलेला तो वाकडाच बसला. पोरगं भिंतीला धरून चालायला लागलं तेव्हा तुम्ही पारावर जाऊन सांगितलंत, "सपनात देवी आली. म्हनली, तुज्या पोराला म्या वाचिवलं. वळणावर म्या हाय, मला शेंदूर लावा." लोक गेले तर खरंच तिथं बाभळीखाली एक दगड उभा. गावानं शेंदूर फासला, झेंडा लावला. ड्रायव्हर मंडळी देवभोळी. ती वळणाआधीच गाडी हळू करायला लागली; क्लीनर उतरून नारळ फोडायचा, निदान हॉर्न वाजवून हात तरी जोडायचा. त्यानंतर त्या उतारावर एकही पोर गाडीखाली आलं नाही. एवढं श्रेय मी तुम्हाला देते आप्पा, ते नाकारण्याइतकी मी कोती नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सोलापूरच्या हाडांच्या डॉक्टरांनी पाय बघितला. हाड परत मोडून सरळ बसवता येईल म्हणाले, पण कोवळं आहे तोवरच. तुम्ही लगेच तयार झालात. आई म्हणाली, "जिनं वाचिवलं तिला इचारल्याबगर माज्या लेकराला सुरी लावू द्यायची न्हाय." मंगळवार होता. मला तो दिवस अजून दिसतो. आई ओल्या लुगड्यानं बसली आहे. देवीच्या दोन्ही खांद्यांवर तिनं एकेक ओलं फूल चिकटवलं आहे. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. बायका दोन्ही फुलांकडे बघत बसल्या आहेत. डावं फूल पडतं. आई कपाळ टेकते आणि म्हणते, "न्हाय म्हनली. तीच चालवंल माज्या लेकराला." मी तुमच्याकडे बघते, कारण डॉक्टरकडे न्यायला सगळ्यात जास्त तुम्हीच धडपडत होता. तुम्ही टोपी डोक्यावर ठेवता आणि म्हणता, "बरं. चला आता घरला."

त्याच वर्षी नवरात्राआधी देवीला आंघोळ घालायचं काम माझ्याकडे आलं. मी पाणी ओतलं आणि शेंदराचा जाड थर सुटून माझ्या हातात आला. देवीनं कवच टाकलं, म्हणजे केवढा शुभ शकुन, तोही माझ्या हातून! मी आनंदानं ओरडणार, तेवढ्यात आतले कोरलेले आकडे दिसले. तेही उलटे. किलोमीटरचे नवे दगड आले तेव्हा जुने मैलाचे दगड उपटून टाकले होते, त्यातलाच एक डोकं खाली करून पुरलेला. तुम्ही पलीकडे गवत काढत होता. धावत आलात आणि तेलात शेंदूर कालवून भराभरा फासायला लागलात.

"आप्पा, ह्यो तर मैलाचा दगड हाय."

"व्हय. हळू बोल."

"मग कौल कुनी दिला?"

"कुनी न्हाय. वाऱ्यानं पडलं फूल."

"मग आयला सांगा की! त्याचा पाय नीट हुईल."

"तुज्या आयच्या पोटात ऱ्हायाचं न्हाय. गावाला कळंल, मग डायवर लोकास्नी कळंल. मग गाडीखाली कुनाचं पोर घालू, तूच सांग."

मी उरलेला शेंदूर तुमच्यापुढं धरला. धाकट्याला कुस्तीचं भारी वेड. तो तालमीच्या दाराशी बसून दुसऱ्यांच्या कुस्त्या बघायचा आणि कोण कुठं चुकलं ते घरी येऊन मला सांगायचा. आई त्याच्या पायासाठी दर मंगळवारी देवीला तेल घालायला निघायची, आणि तेलाची वाटी तिच्या हातात तुम्ही द्यायचात. त्या वाटीइतका संताप मला आयुष्यात दुसऱ्या कशाचा आला नाही. तरी पुढं मीच माझी समजूत घातली: माझा बाप वाईट नव्हता, भित्रा होता. आणि भित्रा म्हणून मी तुम्हाला अर्धंमुर्धं माफही करून टाकलं होतं.

आई होती तोवर मी तोंड उघडलं नाही. तेराव्याची माणसं पांगल्यावर मात्र मी धाकट्याला जवळ बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. तो रडेल, चिडेल, तुम्हाला शिव्या घालेल असं मला वाटलं होतं. त्यानं पाय जरा लांब केला आणि म्हणाला, "आक्का, मला ठावं हाय की."

"कवापासनं?"

"कौलाच्या आदल्या दिशी आप्पांनी मला सायकलवर बसवून वळणावर नेलं. म्हनले, ह्यो दगड म्या पुरलाय. आय उद्या कौल लावनार हाय. देवी न्हाय म्हनली, तर तुजा पाय नीट कराया मला खरं सांगावं लागंल, मग हितं गाड्या थांबायच्या न्हाईत. तू सांगशील तसं करू."

"आन तू काय म्हनलास?"

"ऱ्हाऊ द्या म्हनलं. माज्या वर्गातली समदी पोरं त्याच रस्त्यानं यायची की."

आप्पा, त्याला तेव्हा पाढे धड येत नव्हते. एवढ्याशा लेकरापुढं तुम्ही एका बाजूला त्याचा पाय ठेवलात, दुसऱ्या बाजूला गावातली सगळी पोरं, आणि तो जे बोलला ते त्याचं उत्तर म्हणून पदरात पाडून घेतलंत. ठरवायचं काम बापाचं होतं. ते त्याच्या गळ्यात घालून तुम्ही मोकळे झालात. आणि मी तुम्हाला भित्रा समजून आयुष्यभर सांभाळून घेत राहिले! शेंदूर फासताना तुम्ही मला तरी खरं सांगताय असं वाटलं होतं. तेही अर्धंच होतं. आईला फसवलंत, गावाला फसवलंत, त्यामागं काही कारण तरी होतं. मला फसवायचं काही कारण नव्हतं.

धाकट्याचं म्हणणं निराळंच आहे. "आप्पांनी मला इचारलं तरी," असं तो म्हणाला आणि ते सांगताना त्याचा चेहरा उजळला होता. तो महिन्या-दोन महिन्यांनी माझ्याकडे येतो, हाताला लागेल ते वाचतो. त्यामुळे हे लिहून झालं की फाडणार आहे. त्याच्याजवळ तुमचं एवढंच उरलंय, ते मला काढून घ्यायचं नाही.

एक कबूल करते. गावाहून परत येताना एसटीत सगळ्या वाटेनं माझ्या मनात एकच होतं: मी थोरली होते, मला का नाही विचारलंत? आज लिहिता लिहिता कळलं. मी पाय म्हणाले असते, आप्पा. गावातलं दुसरं कुणाचं पोर गाडीखाली गेलं असतं, तरी मी पायच म्हणाले असते. आणि ते तुम्हाला ठाऊक होतं.