‘मला जेमतेम येतं’

ती. आईस,

दोन्ही हातांनी नमस्कार. दोन्ही हात शाबूत आहेत, हे आधी कळावं म्हणून तसं लिहिलं. खांदा थोडा दुखतोय, एवढंच. पण मी अजून हादरलेली आहे.

प्लेनोहून सुट्टीसाठी कोलोरॅडोच्या बर्फाळ डोंगरात आलोय. यंदा बर्फावर घसरायच्या त्या लांब पट्ट्या, म्हणजे स्की, स्वतःच्या घ्यायच्या, म्हणून आधी वापरून बघत होते. दुकानातल्या माणसाने विचारलं, “स्कीइंग कितपत येतं?” मी सवयीने म्हणाले, “जेमतेम. नवशिकीच आहे.”

आई, या उत्तरावरून बुटाची स्कीवरची पकड ठरवतात, हे मला ठाऊकच नव्हतं. नवशिक्यांची सैल ठेवतात, म्हणजे पडताना पाय मोडण्याआधी बूट सुटतो. मी मात्र चांगल्या वेगात उतरत होते. वळणावर डावी स्की सुटली आणि मी थेट झाडांकडे घरंगळले. खोड हातभर राहिलं तेव्हा थांबले.

इला पांढरीफटक होऊन आली. “आई, तू लाय का केलंस? यू आर गुड!”

लाय? खोटं? मला तर तो विनय वाटत होता. आपल्याकडे कुणी स्वतःहून ‘मला छान येतं’ म्हणतं का?

दुकानात परत जाऊन त्या माणसाला म्हणाले, “मला चांगलं येतं.” बोलताना कानशिलं तापली. त्याने पकड घट्ट केली. मग दुसरी, जरा रुंद जोडी वळणावर अशी ठाम राहिली, की तीच घेतली.

बाबांचा गुडघा कसा आहे? आणि तुझ्या छातीत दुखतं, ते डॉक्टरांना जसंच्या तसं सांग. ‘तसं बरं आहे’ म्हणू नकोस.

तुझी,
मृणालिनी