माझ्या मापाची सायकल

बाबा, मी सायकल घेतली. सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून ऑफिसातून आल्या आल्या स्वयंपाकघराच्या ओट्यावरच कागद ठेवून लिहायला लागले. कुकर लावलाय, शिट्ट्यांकडे लक्ष ठेवायचं काम तुम्ही कधी न पाहिलेल्या जावयाकडे दिलंय. साधीसुधी नाही हं, रोड बाईक. खाली वळलेलं हँडल, बारीक टायर, आणि इतकी हलकी की एका हातानं उचलून मी क्वार्टरच्या पायऱ्या चढते. तुम्ही असता तर पहिल्यांदा विचारलं असतं, "कॅरिअर कुठी हाये? डबा कुठी लावाचा?" कॅरिअर नाही, बाबा. स्टँड नाही, मडगार्डही नाही. अर्ध्या वस्तू काढून टाकल्या की सायकल महाग होते, हे मलाही आत्ताच कळलं.

कारण सांगते. येत्या वर्षी मी तुमच्या वयाची होईन, तुम्ही जिथे थांबलात त्या वयाची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखर काठावर आहे, वजन उतरवा. त्या सहज बोलल्या, मी मात्र वाटभर तुमचं वय मोजत घरी आले. घाबरले होते, सरळच सांगते. तुम्ही वीजकेंद्राच्या प्लांटवर सायकलनं जायचात तोवर दोन जिने चढून आलात तरी धाप लागायची नाही. मग स्कूटर आली, पोट सुटलं, आई जेवताना टोकायची, तुम्ही हसून आणखी भात घ्यायचात. आणि एक दिवस पाळीवरून आलात ते छातीवर हात ठेवूनच. स्कूटरला दोष देत नाही, पण त्या रस्त्यानं मला जायचं नाही. घरात चालायचं मशीन आणलं होतं, त्यावर आता ओले टॉवेल वाळतात. जावई म्हणाले, "सायकलचं बी तेच होईन, आधीच सांगतो." म्हणून यावेळी चूक परवडणारी नव्हती. पैशाचं तर होतंच, पण पुन्हा टॉवेल वाळायला लागले असते तर मी तिसऱ्यांदा काही सुरू केलं नसतं.

महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. आमच्या विभागातला एक जण म्हणे गियरची साधी सायकल घ्या, दुसरा म्हणे रोड बाईकच घ्या, पण जुनी कार्बनची. मी रात्री झोपेपर्यंत मोबाइलवर व्हिडिओ बघायची. शेवटी इतकं ठरवलं: नवीच, अॅल्युमिनियमची, पुढच्या चाकाचा चिमटा स्टीलचा असला तरी चालेल, आणि टायर त्यातल्या त्यात जाड, कारण कोळशाच्या ट्रकांनी आपल्या रस्त्यांची काय दशा केली आहे ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. दुकानात जायच्या दिवशी तर मी शाळेची सहल असल्यासारखी पहाटेच उठून बसले.

चंद्रपूरच्या दुकानात माझ्या बजेटमधली एकच उभी होती, निळी. दुकानदार म्हणाला, "ताई, मोठ्या साइजची हाये. लहानी नागपूरवरून मांगवा लागन. किंमत सारखीच, मंग मोठीच काऊन नाई नेत?" आणि मला ते पटलं, बाबा. लगेच पटलं. त्याच पैशात जास्त सायकल मिळत असेल तर कमी कोण घेईल? आपल्या घरात सगळं असंच आलं. फ्रॉक गुडघ्याखाली, चपलेत पुढे कापूस, आणि सातवीत तुम्ही आणलेली ती काळी दांड्याची सायकल. आई स्वयंपाकघरातून ओरडली होती, "पोरगी पडन तं?" तुम्ही टायरमधली हवा दाबून बघत म्हणालात, "पडन, मंग उठन. आंग वाढून राह्यलं तिचं, दोन वर्षात बराबर येते." मी दांड्याखालून पाय घालून शिकले, मग दांड्यावरून. चालवता यायची, थांबता यायचं नाही. पाय जमिनीला पोचायचेच नाहीत. शाळेच्या वाटेवर थांबायच्या जागा मला पाठ होत्या: वळणावरचा दगड, नालीचा कठडा, पाण्याच्या टाकीची पायरी. ती सायकल दोन वर्षांत बराबर आली नाही. मी आईच्या उंचीवर थांबले.

तर ती निळी घेऊन मी चक्कर मारायला निघाले. काय पळते सांगू! पायडल मारलं की अंगाखालून निसटल्यासारखी पुढे जाते. मान थोडी ताणत होती, हात लांब पडत होते, पण मी खूश होते, मनात पैसेही देऊन झाले होते. पुढे चौकात ऑटो आडवा आला, मी ब्रेक दाबला, आणि डोळे आपोआप रस्त्याच्या कडेला गेले. मी दगड शोधत होते. एवढी घोडी झालेली बाई, भर चौकात, दगड शोधत होते. डिव्हायडरला टेकून उभी राहिले आणि एकटीच हसले. मग दुकानात परत जाऊन म्हणाले, "भाऊ, लहानी मांगवा." त्याला वाटलं मी टाळते आहे. त्यानं आगाऊ रक्कम घेतल्यावरच फोन लावला.

आठवड्यानं आली. लाल. आज सकाळी चांगलं उजाडल्यावर निघाले, कारण कॉलनीच्या भिंतीपलीकडे वाघाचा वावर आहे, ते काही बदललेलं नाही. तुमच्या प्लांटच्या गेटवरून गेले. तुमच्या जागेवर अनुकंपावर लागले तेव्हा ती खुर्चीही मला मोठीच होती. प्रत्येक कागद आधी दुसऱ्या कुणाला तरी दाखवून घ्यायची. ती मात्र दोन वर्षांत बराबर आली, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं. पुढे रेल्वेचं फाटक बंद होतं, कोळशाची गाडी चालली होती. मी ब्रेक दाबला, सीटवरून पुढे सरकले आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकले. पूर्ण, टाचांसकट. गाडी संपेपर्यंत मी तशीच उभी होते आणि डोळे वाहत होते. शेजारचा मोटारसायकलवाला म्हणाला, "बाई, कोळशाची धूळ लय हाये, चष्मा लावत जा." मी हो म्हटलं. दम लागला होता, पण भीती वाटत नव्हती.

कुकर झाला, जावई हाका मारताहेत. हे पत्र ओट्याच्या खणात, रुमालांखाली ठेवते आहे. एक मात्र कबूल करते. सायकलसोबत घालायचा तो अंगाला चिकटणारा सदराही घेतला. वजन कमी करायला निघालेली मी, तरी दुकानदार किंमत सारखीच म्हणाला, तर एक नंबर मोठाच उचलला.