घाटासाठी चौदाशे

६ फेब्रुवारी २०११, रविवार

शोरूमवाल्या जीवनने आज डोकं फिरवलं! गाडी तीच, पत्रा तोच, रंगही तोच — इंजिन तेवढं वेगळं. बाराशे सीसी की चौदाशे?

"सर, बाराशे घ्या. ॲव्हरेज मस्त. पनवेलमध्ये फिरायला चौदाशे कशाला?"

म्हटलं, खंडाळ्याचा घाट चढायचाय.

"चढेल की! गाडी भरलेली असेल तर एसी बंद करायचा, दुसऱ्या गिअरवर घ्यायची. घरात माणसं किती, सर?"

"पाच," म्हणालो.

पाच! बायकोला, भामाला, जाऊन दोन वर्षं होत आली. रोडपालीच्या या फ्लॅटमध्ये मी आणि फ्रिज. तो तरी मधूनमधून घुरघुरतो. मी आज शोरूममध्ये बोललो तेवढंच.

७ फेब्रुवारी

खोटं बोललो ते बोललो. पण मोजलं तर चार होतातच — मी, लेक प्रांजल, जावई मितेश आणि त्यांची छोटी. पाचवी कुमुद, माझी बहीण. एकत्र कधी बसतील ते एकवीरा आईला माहीत.

१३ फेब्रुवारी, रविवार

टेस्ट ड्राइव्ह! रिकामी गाडी चालवून काय कळणार? म्हणून गव्हाणहून कुमुदला बोलावलं, सोबत तिच्या शेजारणी शोभा आणि वेणू. तिघी मागे बसल्या तशी गाडी जी दबली! पुढे जीवन, जीव मुठीत धरून. म्हटलं, चल कर्नाळ्याला, तिथे जरा चढ आहे.

आधी बाराशे. चढ लागला आणि रडायला लागली बिचारी. तिसऱ्यावर दम नाही, दुसऱ्यावर घेतली. जीवनचा हात हळूच एसीच्या बटणावर.

"आरं, हवा कशाला बंद केलीस?" शोभा मागून ओरडली. "मरतो ना आमी उकाड्यान!"

"गाडीला झेपत नाय गो तू," वेणू म्हणाली. हसून हसून तिघींच्या डोळ्यांत पाणी.

मग चौदाशे. तिसऱ्यावर सरळ वर गेली, एसीसकट. आयुष्यभर पोर्टात क्रेन चालवली आहे मी, ओझ्याखाली मशीन कधी कण्हतं ते मला कळतं. ही नाही कण्हली.

परतताना कुमुद म्हणाली, "दादा, आमी उतरलो की हिच्यात बसनार कोन हाय?"

सगळ्या हसल्या. मीही हसलो. घरी येऊन जेवलो मात्र नाही.

२० फेब्रुवारी, रविवार

चिंचवडला फोन लावला. नेहमीसारखा मितेशनेच उचलला. "बोला बाबा." मग प्रांजलला दिला. गाडीचं सांगितलं. आमच्यात नवी गाडी पहिली एकवीरेला जाते, कार्ल्याला, घरच्या सगळ्यांना घेऊन. आणि आमच्या घरात गाडीला पहिलं कुंकू लावायचा, ओवाळायचा मान लेकीचा. म्हटलं, पाडव्याला गाडी येईल, तू ये. चैत्रातल्या यात्रेला सगळे मिळून वर जाऊ. तुम्हा सगळ्यांना घेऊन घाट चढायचा म्हणून चौदाशे घेतोय!

"बाबा, बाराशेच घ्या. तुम्ही एकटेच तर असता. घाट चढून इकडे कशाला येताय या वयात? आम्हीच येऊ कधीतरी."

कधीतरी! बाप म्हणजे काय लांबचा पाहुणा? तिला मी तिच्या दारात नकोय, सरळ सांगायचं ना! रागाने फोन ठेवला. मग वाटलं, ठेवायला नको होता. परत लावला तर लागेना.

२१ फेब्रुवारी

चौदाशेच बुक केली. जा!

१९ मार्च

कोणी फोन केला नाही. मीही नाही केला.

४ एप्रिल, पाडवा

गाडी आली. चंदेरी. तोरण लावलं, चाकाखाली लिंबं ठेवली, ताट तयार केलं आणि सोसायटीच्या गेटकडे बघत उभा राहिलो. वॉचमनसुद्धा विचारून गेला, "काका, कुणाची वाट बघताय?"

दुपारी मितेशचा फोन. "प्रांजलला बरं नाही. तुम्ही उरकून घ्या." म्हटलं, तिला दे. "झोपलीये."

सणाला आलेली कुमुद म्हणाली, "आन ते ताट इकडं. लेकीचा हात नाय तर बहिनीचा हात काय कमी हाय?" तिच्यावरच खेकसलो. बिचारी न जेवता गव्हाणला परत गेली. मी असाच आहे, ज्याचा राग त्याच्यावर निघत नाही. गाडीला कुंकू लागलं नाही. कव्हर घालून ठेवली.

१० एप्रिल, रविवार

यात्रा. गव्हाणहून गाड्या भरभरून गेल्या. कुमुदचा फोन — "दादा, भांडन खड्ड्यात घाल, चल ना! देवीवर कसला राग?" मागे बँड, पोरांचा ओरडा. नाही गेलो. लेक नाही तर कोणाला घेऊन जाऊ? रिकामी गाडी देवीला दाखवायची?

खाली जाऊन गाडीत बसलो. सीटवरचं प्लास्टिकही काढलेलं नाही. इंजिन चालू केलं, जरा वेळ तसंच ठेवलं, बंद केलं. भामा असती तर म्हणाली असती, "डोकं ठिकानावर हाय का तुमचं?" कोणी तसंही म्हणत नाही आता. फार एकटं वाटलं. लिहायला काय लाज!

११ एप्रिल

जीवनने फोन केला होता. "सर, गाडी कशी पळते? फॅमिली खूश?" खूश म्हटलं.

१६ एप्रिल, शनिवार

सकाळी अनोळखी नंबर. उचलला तर प्रांजल! शेजारणीच्या फोनवरून. मितेश कामावर गेलाय म्हणाली. "बाबा, आम्हाला न्यायला या. आत्ता निघा." छोटीचं रडणं ऐकू येत होतं. प्लास्टिक, कव्हर, सगळं फाडून काढलं. निघतो.

१७ एप्रिल

प्रांजलच्या दंडावर वळ आहेत. जुनेही आहेत. फोनवर बोलताना मितेश बाजूला उभा असायचा. मी तिच्या दारात आलो असतो तर दिसलं असतं, म्हणून घाट चढू नका म्हणायची. आणि मी इथे रुसून बसलो होतो!

घर भरलं. असं भरायला नको होतं.

घाट उतरताना दोघी मागे झोपल्या होत्या. उताराला कुठलंही इंजिन चालतं.